“किती वर्षं?” : तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं किडनी-प्रकरण

हे प्रकरण लिहायला रुग्णाची आणि त्यांच्या पत्नीची परवानगी घेतली आहे. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. केंद्रात सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून इथंही दादाच. मी सांगलीतल्या एका डायलिसिस केंद्रात, म्हणजे निकामी किडनीऐवजी मशीननं रक्त गाळतात तिथं, वैद्यकीय समाजसेविका आहे. औषधं डॉक्टर देतात. रुग्णाला काय सांगितलं गेलं, त्यातलं त्याला किती कळलं आणि त्यावरून घरात काय ठरलं, हे बघणं माझं काम.

दादा ४६ वर्षांचे. तीन एकर द्राक्षबाग, घरात आई, पत्नी, कॉलेजात जाणारा मुलगा; शेजारीच थोरल्या भावाचं घर. पाच वर्षांपूर्वी रक्तदाब सापडला होता. गोळ्या चार महिने घेतल्या आणि बरं वाटतंय म्हणून सोडल्या. कंबर धरली की मेडिकलमधून दुखणं थांबायची गोळी आणायची, हे छाटणीच्या दिवसांत रोजचंच. मार्चमध्ये पाय सुजले, तोंडाची चव गेली, उताणं झोपलं की दम लागायला लागला. एका रात्री गाडी करून शहरात आणलं तेव्हा रक्तात साठलेला कचरा दाखवणारं क्रिएटिनिन ११.८, हिमोग्लोबिन ६.९, पोटॅशियम ६.४ आणि रक्तदाब १९०/११० होता. त्याच रात्री मानेत नळी घालून पहिलं डायलिसिस झालं. दोन बाटल्या रक्त चढवलं.

त्या दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं, “दोन-चार वेळा करावं लागेल, मग बघू.” दादांनी ते ‘दोन-चार’ मोजले. चौथं झाल्यावर ते घरी गेले. पाहुण्यांपैकी कुणीतरी शेजारच्या जिल्ह्यातला एक काढा सुचवला, “मशीन सुटतं” अशी हमी देऊन. नऊ दिवस काढा घेतला. दहाव्या दिवशी पुन्हा दम, पुन्हा तीच धावपळ, आणि त्यानंतर ते आमच्याकडे आले.

लोक काढ्याला नावं ठेवतात. मीही ठेवते, कारण किडनी गेलेल्या माणसाच्या पोटात कशात काय भस्म घातलंय ते माहीत नसलेलं औषध जाणं धोक्याचंच. पण या माणसाची वाट चुकली ती आधी, ‘मग बघू’ या दोन शब्दांपाशी. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसून साडेसात सेंटिमीटरच्या झालेल्या दिसत होत्या. निरोगी किडनी दहा-अकरा सेंटिमीटरची असते. आकसलेली किडनी पुन्हा फुलत नाही, हे त्या रात्री रिपोर्ट हातात असणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रुग्ण खचेल म्हणून कुणी बोललं नाही. तो खचला नाही खरा, घरी निघून गेला.

वही

पहिल्या भेटीत दादांनी खिशातून एक वही काढली. फवारणीची वही. तारीख, औषध, लिटरला किती, पाऊस पडला का, असं सगळं बारीक अक्षरात. मागच्या पानावर चार प्रश्न लिहिलेले होते. हे फवारणीमुळं झालं का? डायलिसिस कधी सुटणार? किडनी बदलली की मी पूर्ण बरा का? चौथ्या ओळीत नुसते दोन शब्द : किती वर्षं.

किडनीच्या डॉक्टरांना मी विनंती केली की राउंडवर उभ्याउभ्या नको, खुर्चीत बसून बोलू. त्यांनी चाळीस मिनिटं दिली. दादा, वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी, थोरले भाऊ आणि मी.

फवारणीबद्दल डॉक्टर म्हणाले, “सांगता येत नाही.” दादांचा चेहरा पडला, त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं होतं. डॉक्टरांनी मग उलगडून सांगितलं. किडन्या इतक्या आकसल्यावर तुकडा काढून तपासण्यात अर्थ नसतो, तिथं नुसता व्रण उरलेला असतो. सोडलेला रक्तदाब आणि वर्षानुवर्षांच्या वेदनाशामक गोळ्या ही दोन कारणं समोर दिसतात. आंध्रातल्या उद्दानम भागात शेतकऱ्यांमध्ये कारण न सापडलेला किडनीचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, तिथं पाणी, उष्णता, कीटकनाशकं असा सगळ्यांवर संशय घेतला गेला आहे. “पण तुमच्या बाबतीत फवारणीच, असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल. मुलाला मात्र मास्क आणि हातमोजे घालायला लावा, आणि त्याचा रक्तदाब वर्षातून एकदा बघा.”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात आलं. “सुटणार नाही, किडनी बदलेपर्यंत किंवा शेवटपर्यंत.” वहिनींनी पदर तोंडाला लावला. दादा वहीत काहीतरी लिहीत राहिले. नंतर मी बघितलं, त्यांनी फक्त ‘नाही’ लिहून तारीख टाकली होती.

मग त्यांनी वहीत नसलेला प्रश्न विचारला. “आन् न्हाईच केलं तर?” थोरले भाऊ रागावले. डॉक्टरांनी त्यांना थांबवलं आणि सांगितलं की लघवी जवळपास बंद झालेला माणूस डायलिसिसशिवाय बहुधा आठवडा-दोन आठवडे काढतो; डायलिसिस नको म्हणणं हाही रुग्णाचा हक्क आहे, आणि तसं ठरलं तर दम, मळमळ, वेदना कमी ठेवण्याचे उपचार शेवटपर्यंत दिले जातात. दादा म्हणाले, “बरं. कळलं.” त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. माझा अनुभव असा की या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालेला माणूस डायलिसिस चुकवत नाही. दटावून गप्प केलेला चुकवतो.

किडनी बदलण्याबद्दल बहुतेकांचा समज एकच असतो : जुनी काढली, नवी घातली, विषय संपला. डॉक्टरांनी कागदावर पोट काढलं. जुन्या किडन्या सहसा जागेवरच राहतात, नवी खाली, बहुधा उजव्या बाजूला बसवतात. शरीर तिला परकी मानतं, म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन अशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं ती किडनी चालेपर्यंत रोज ठरल्या वेळी घ्यायची. एक-दोन दिवसांची हयगयसुद्धा महागात पडू शकते. पहिल्या वर्षात जंतुसंसर्गाची भीती जास्त. माती, शेणखत, फवारणी यांपासून लांब राहावं लागेल. जिवंत दात्याची किडनी सरासरी पंधरा वर्षांच्या आसपास चालते. काहींची पंचवीस, काहींची पहिल्याच वर्षी जाते. “म्हणजे हापण एक उपचारच. पण तुमच्या वयाला डायलिसिसपेक्षा चांगला उपचार.”

चौथ्या प्रश्नापाशी डॉक्टर जरा थांबले. आकडा सांगितला की माणूस तोच धरून बसतो, नाही सांगितला की वाटतं लपवतायत. ते म्हणाले, “वर्ष नाही सांगता येत. कशानं वाढतात आणि कशानं घटतात, ते सांगता येतं.” पहिले तीन महिने सगळ्यात धोक्याचे, त्यातही ज्यांचं डायलिसिस घाईघाईत मानेतल्या नळीवर सुरू झालं त्यांना. मशीनवरची माणसं जातात ती मुख्यतः हृदयविकारानं आणि जंतुसंसर्गानं. आमच्याकडे बारा वर्षं मशीनवर असलेले एक मास्तर आहेत आणि सहा महिन्यांत गेलेला तिशीतला एक तरुणही होता. दोन्ही उदाहरणं त्यांनी दिली. किडनीसाठी यादीत वाट बघत राहिलेल्यांपेक्षा किडनी मिळालेली माणसं जास्त जगतात, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात १९९९ सालीच दिसलं होतं. मात्र ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे मशीनवर राहण्यापेक्षा जास्त जोखमीचे असतात, हेही त्यातच दिसलं.

जाताना दादा मला म्हणाले, “मॅडम, एवढं कुनी बोललंच न्हवतं.”

नळी, हात आणि बेदाणे

पुढचे चार महिने साध्या गोष्टींत गेले. साध्या म्हणजे जीव वाचवणाऱ्या. डाव्या मनगटाजवळ रोहिणी आणि नीला या दोन रक्तवाहिन्या जोडून डायलिसिसच्या सुईसाठी फिस्टुला केला. तो सुई टोचण्याजोगा तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, तोवर मानेतली नळी. नळीच्या जागेवर पाणी लागू द्यायचं नाही, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी यायचं. फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, रक्त काढू द्यायचं नाही, उशाला तो हात घ्यायचा नाही. रोज सकाळी बोटं ठेवून बघायचं : आत मधमाशी अडकल्यासारखी थरथर लागते. ती थांबली तर चहासुद्धा न घेता निघायचं. दादांना हे लगेच पटलं. “ड्रिपची नळी तुंबली का बघतो, तसंच की.”

आठवड्यातून दोनदा की तीनदा, यावर घासाघीस झाली. गाव ३० किलोमीटर लांब. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च निघतो, एसटीच्या साध्या गाडीत डायलिसिसच्या रुग्णाला मोफत प्रवास आहे, पण मोडलेला दिवस कुणी भरून देत नाही. चोवीस तासांची लघवी मोजली : ७५० मिलिलिटर. म्हणून सुरुवातीला दोनदा चालवलं, पण लघवी कमी होईल तसं तीनदा करावं लागेल हे तेव्हाच सांगून ठेवलं. ऑगस्टपर्यंत लघवी २०० वर आली आणि तिसरा वार लागला. आधी सांगून ठेवलेलं असल्यानं भांडण झालं नाही. पोटाच्या डायलिसिसचाही पर्याय मांडला होता : घरीच, दिवसातून तीन-चार वेळा दोन-दोन लिटरच्या पिशव्या. वहिनींनी घर डोळ्यांसमोर आणलं आणि नको म्हणाल्या. त्यासाठी एक स्वच्छ, बंद करता येणारी खोली लागते, आणि हंगामात त्या घरात माणसांची ये-जा थांबत नाही.

एप्रिलमधलाच एक प्रसंग. डायलिसिसच्या आधी पोटॅशियम ६.८ निघालं. इतक्या पोटॅशियमला हृदय कधीही थांबू शकतं. काय खाल्लं, नारळपाणी पिलं का, फळं खाल्ली का, सगळ्याला नाही. वहिनींनी आठवून सांगितलं की आदल्या दिवशी ते शेडवर होते. रॅकवरचा बेदाणा उतरवत होते. प्रत बघायची म्हणून एक मूठ, गिऱ्हाईक आलं म्हणून दुसरी, आणि असं दिवसभर. बेदाणा खाणं हे त्यांच्या लेखी खाण्यात जमाच नव्हतं, ते काम होतं. शंभर ग्रॅम बेदाण्यात जवळपास ७५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, तेवढ्याच ताज्या द्राक्षांत २०० च्या आत. पाणी उडून जातं, पोटॅशियम जागेवर राहतं. आमच्या छापील आहारपत्रकात केळी होती, संत्री होती, शहाळं होतं. बेदाणा नव्हता, आणि हे पत्रक तासगावच्या माणसांना वाटलं जात होतं! मी त्या आठवड्यात ते बदलून घेतलं : ताजी द्राक्षं दहा-बारा चालतील, बेदाणा एकही नाही. कमी सोडियमचं मीठही खाली लिहिलं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं.

पत्रकात पुराचीही एक ओळ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा डायलिसिसच्या रुग्णांना केंद्रापर्यंत पोचवणं हीच मोठी कसरत होती. तेव्हापासून जुलै-ऑगस्टात प्रत्येकाला सांगतो : पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चाललं की केंद्राच्या बाजूच्या नातेवाइकांकडे मुक्कामाला जा, आणि वार चुकलाच तर त्या दिवसापासून पाणी, मीठ, फळं निम्म्यावर आणा.

देणारं कोण

प्रत्यारोपणाचं बोलणं निघालं तेव्हा घरात निर्णय झालेलाच होता. “हिची बसवायची,” थोरल्या भावांनी सांगितलं. वहिनी शेजारीच बसल्या होत्या, मान खाली. रक्तगट दोघांचा बी. थोरल्या भावांना मधुमेह, म्हणून ते बाद. मुलगा १९ वर्षांचा, कायद्यानं देऊ शकतो, पण दादा ठाम : “पोराकडं बघायचं न्हाई.” एका चुलत भावानं एक मोबाइल नंबरही आणला होता, ‘बाहेरून सोय होते’ म्हणून. त्यांना तिथंच सांगितलं की १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आणि २०११ ची दुरुस्ती यांप्रमाणे अवयवाच्या पैशाच्या व्यवहाराला पाच ते दहा वर्षं कैद आणि २० लाख ते एक कोटी रुपये दंड आहे, आणि त्यात देणारा, घेणारा, मध्यस्थ सगळेच येतात. नंबर त्यांनी फाडून टाकला.

आईंना कुणी विचारलं नव्हतं. त्या ६७ वर्षांच्या, रक्तगट ओ, म्हणजे देऊ शकणाऱ्या. त्या स्वतःच बोलल्या : “मी दिलेलाच हाय की ह्यो. आनि एक देते.” सगळे हसले. मला ते हसणं खटकलं. नुसतं वय आड येत नाही, त्यामुळं तपासण्या व्हाव्यात असा मी आग्रह धरला. तपासणीत दोन्ही किडन्या मिळून गाळण्याची क्षमता ५८ निघाली. वयाप्रमाणे ती त्यांच्यापुरती पुरेशी, पण त्यातून एक काढून घेण्याजोगी नाही. डॉक्टरांनी आईंना समोर बसवून सांगितलं, “तुमच्याकडं तुमच्यापुरतंच आहे.” त्या डॉक्टरांवर चिडल्या, पण नाही का, हे त्यांना कळलं होतं.

उरल्या वहिनी. दात्याशी एकांतात बोलायचं हा आमचा नियम, आणि २०१४ च्या प्रत्यारोपण नियमांत स्त्री दात्याच्या बाबतीत विशेष काळजी घ्यायला सांगितलं आहे : तिची संमती स्वतंत्र आहे ना, याची खात्री रुग्णाखेरीज दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची. ही तरतूद उगाच आलेली नाही. आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये बायका बऱ्याच जास्त आणि किडनी मिळणाऱ्यांमध्ये पुरुष, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला दिसतं.

वहिनी ४१ वर्षांच्या, तपासण्या सगळ्या उत्तम. मी त्यांना आकडे दिले. किडनी काढण्याच्या ऑपरेशनमध्ये दर १०,००० दात्यांमागे साधारण एक ते तिघांचा मृत्यू होतो. पुढं आयुष्यात स्वतःची किडनी निकामी होण्याची शक्यता, न दिलेल्या १०,००० निरोगी माणसांत १४ आणि दिलेल्यांत ९०, असं अमेरिकेतल्या २०१४ च्या अभ्यासात निघालं. म्हणजे धोका लहान, पण आहे. दोन महिने वजन उचलायचं नाही, वर्षातून एकदा रक्तदाब, लघवी, क्रिएटिनिन आयुष्यभर.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दोघंबी कॉटवर पडलो तर बाग कोण बघनार, सासूबाईंचं कोण करनार? आन् खरं सांगू का मॅडम, मला लई भ्या वाटतंय. भ्या हे कारण चालतं का?”

मी म्हटलं, “चालतं.”

“मग तुम्ही काय लिवनार?”

मी नेहमीचं उत्तर दिलं. नको म्हणणाऱ्या दात्याबद्दल आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो की दाता म्हणून योग्य नाहीत. कारण कुणालाही सांगत नाही. नकार तिच्यावर शेकू नये यासाठी ही सोय आहे.

वहिनी म्हणाल्या, “म्हंजे ते जन्मभर मला आजारी समजनार. सासूबाई माझ्या माहेरी इचारनार, काय झालंय हिला. न्हाई. मीच सांगते.”

या सोयीचा हा अर्थ मला त्या दिवसापर्यंत सुचला नव्हता. मी ती अजूनही वापरते, कारण ज्या घरात बाईचा नकार उघड होणं धोक्याचं असतं तिथं दुसरा मार्ग दिसत नाही. पण आता मी आधी विचारते : सांगायचं कसं, तुम्ही की आम्ही? आणि दात्याला या सोयीची किंमतही सांगते.

त्यांनी दादांना केंद्रातच सांगितलं, डायलिसिस सुटल्यावर बाहेरच्या बाकावर. मी लांब होते, शब्द ऐकू आले नाहीत. दादा उठून गाडीत जाऊन बसले.

पुढचे तीन वार त्यांच्यासोबत पुतण्या आला. दोन डायलिसिसच्या मध्ये त्यांचं वजन एरवी दोन किलोच्या आत वाढायचं, त्या आठवड्यात साडेचार वाढलं. मशीननं अंगात साठलेलं ते पाणी काढताना रक्तदाब घसरला, पायात गोळे आले. तंत्रज्ञ पाय दाबत होता आणि दादा छताकडं बघत होते. मी जवळ बसले, विचारलं काहीच नाही. शेवटच्या तासाला तेच म्हणाले, “माझ्या जागी ती असती, तर मी दिली असती का, हे इचारत होतो मनाला. लगेच ‘व्हय’ आलं न्हाई.”

चौथ्या वाराला वहिनी सोबत होत्या. दोघं फारसं बोलत नव्हते, पण डबा एकच होता.

त्यानंतर एका प्रत्यारोपण रुग्णालयामार्फत पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवलं. मेंदू मृत झालेल्या दात्याची किडनी मिळायला वर्षं लागू शकतात, कदाचित मिळणारही नाही, हे नोंदणीच्या आधीच सांगितलं. सुरुवातीला दिलेल्या दोन बाटल्या रक्तामुळं त्यांच्या रक्तात परक्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार झाली असतील तर जुळणारी किडनी सापडणं आणखी अवघड होऊ शकतं, हेही. तेव्हा रक्त द्यावं लागलं असेल. पण हा परिणाम तेव्हाच सांगायला हवा होता. आता हिमोग्लोबिनसाठी इरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं आणि लोह चालू आहे, कावीळ ब ची लस पूर्ण झाली आहे. जनआरोग्य योजनेत प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांपर्यंत मदत आहे, पण नंतरच्या औषधांचा दरमहाचा खर्च घरालाच बघावा लागेल, म्हणून त्यांनी द्राक्षांच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशातून, वेगळं खातं काढलं आहे.

गेल्या भेटीत वहीत दोन नवे प्रश्न होते आणि अक्षर वहिनींचं होतं. पहिला : फोन आला आणि त्या दिवशी डायलिसिस झालेलं नसलं तर? रक्त तपासतील, पोटॅशियम जास्त असेल तर ऑपरेशनच्या आधी तिथंच डायलिसिस करतील, असं सांगितलं. दुसरा : फोन आला आणि ऑक्टोबर छाटणी चालू असेल तर? फोन आल्यावर असलं ठरवायला वेळ नसतो, म्हणून बाग त्या दिवसांत कुणाच्या हवाली करायची ते आजच ठरवा, असं म्हटलं. वहिनींनी थोरल्या दिरांचं नाव लिहिलं, त्याखाली गाडीवाल्याचा नंबर, आणि पान मुडपून ठेवलं.